टक्का सोडा, परवाना बघा

एप्रिल 2025 मध्ये अमेरिका आणि चीन एकमेकांच्या मालावर आयात शुल्क चढवत होते, तेव्हा वाहिन्यांच्या पडद्यावर रोज नवा आकडा झळकत होता. आधी 34, मग 84, मग 125. फेंटानिल या अमली पदार्थाच्या तस्करीचं कारण देऊन लावलेले 20 टक्के त्यात मिळवले की अमेरिकेचा आकडा 145 वर जाई. चीन 125 वर थांबला. यापुढं अमेरिकेनं कितीही वाढवलं तरी आपण दखल घेणार नाही, असं त्यानं जाहीर केलं, कारण एवढ्या शुल्कानंतर अमेरिकी मालाला चीनमध्ये गिऱ्हाईकच उरत नाही. बरोबरच होतं त्याचं. शंभरी ओलांडल्यावर 125 काय आणि 500 काय, व्यापारी दोन्ही वेळा ऑर्डर रद्दच करतो.

याच धामधुमीत, 4 एप्रिलला, चीनच्या वाणिज्य मंत्रालयानं 18 क्रमांकाची अधिसूचना काढली. ‘रेअर अर्थ’ गटातली सात मूलद्रव्यं (समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम, यिट्रियम) आणि त्यांच्यापासून बनणारे मॅग्नेट देशाबाहेर पाठवायचे तर सरकारी परवाना लागेल, एवढंच तिच्यात होतं. टक्का नव्हता, त्यामुळे मथळाही मिळाला नाही. 145 चा आकडा जेमतेम महिनाभर टिकला. मे महिन्याच्या मध्याला जिनिव्हातल्या बोलण्यांनंतर तो 30 वर आला आणि चीनचा 10 वर. पण त्याच मे महिन्यात मॅग्नेट मिळेनात म्हणून फोर्डनं शिकागोचा कारखाना आठवडाभर बंद ठेवला. जपानमध्ये सुझुकीला स्विफ्टचं उत्पादन थांबवावं लागलं. जुलैमध्ये पुण्याच्या बजाज ऑटोनं इशारा दिला की ऑगस्टमध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं.

माझं सांगणं एवढंच आहे की या दोन महासत्तांच्या भांडणाची बातमी वाचताना टक्का सगळ्यात शेवटी वाचावा. शुल्कामुळे माल महाग होतो, म्हणजे पैशानं निभावता येतं. परवाना अडला तर खिशात पैसे असूनही माल येत नाही. तुमचं भोसरीत छोटं वर्कशॉप असो, नाशकात द्राक्षबाग असो, यवतमाळला कापूस असो की म्युच्युअल फंडात दरमहा पाच हजार जात असोत, ही झळ वेगवेगळ्या वाटेनं तुमच्यापर्यंत येते. ती कुठून येईल हे आधी ओळखता यावं म्हणून काही गोष्टी सांगतो.

टक्का वाचायचाच असेल तर

आधी हे बघा की शुल्क कोणत्या कायद्याखाली लावलं आहे. ते किती दिवस टिकेल हे आकड्यापेक्षा कायद्यावरून जास्त कळतं. 1974 च्या व्यापार कायद्यातलं कलम 301 वापरायचं तर आधी चौकशी होते, सुनावणी होते, वस्तूंच्या याद्या निघतात. हे सगळं सावकाश चालतं, पण एकदा लागलं की सहसा निघत नाही. जुलै 2018 मध्ये 34 अब्ज डॉलरच्या चिनी मालावर 25 टक्के लावून व्यापारयुद्धाला सुरुवात झाली ती याच कलमाखाली. पुढं सत्ता बदलली, पण बायडन यांनी ते काढलं नाही. उलट मे 2024 मध्ये चिनी विद्युत मोटारींवरचं शुल्क त्यांनी 25 वरून 100 टक्क्यांवर नेण्याचं जाहीर केलं. दुसरं कलम 232, 1962 च्या कायद्यातलं. ते राष्ट्रीय सुरक्षेच्या नावानं पोलाद, ॲल्युमिनियम, मोटारी आणि सुट्या भागांवर लागतं, आणि माल कोणत्याही देशाचा असो, त्याला सहसा सोडत नाही. तिसरा 1977 चा आर्थिक आणीबाणीचा कायदा. एप्रिल 2025 चे भडकलेले आकडे या तिसऱ्या कायद्यातून आले. एका सहीनं चढले आणि एका सहीनं उतरले. अध्यक्षांना तो अधिकार आहे की नाही, यावरचे खटले तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणून आणीबाणीच्या कायद्याखालची घोषणा ऐकून कुणी कारखाना हलवायला निघू नये. कलम 232 ची घोषणा आली तर मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

मग यादी बघा. भारतीय मालावर 27 ऑगस्ट 2025 पासून एकूण 50 टक्के शुल्क लागलं, त्यातलं निम्मं रशियन तेल घेतो म्हणून. पण मोबाइल फोन आणि औषधं त्यातून वगळलेली होती. मोटारीचे सुटे भाग कलम 232 च्या 25 टक्क्यांत मोडत होते, त्यांना ते 50 लागू नव्हते. पोलादाचं शुल्क 4 जूनपासूनच 50 झालेलं होतं, आणि ऑगस्टमध्ये पोलाद-ॲल्युमिनियमपासून बनणारे आणखी 407 प्रकार त्या यादीत घातले गेले. कोल्हापूरच्या एकाच फाउंड्रीतून जाणाऱ्या दोन कास्टिंगना त्यामुळे दोन वेगळे दर लागू शकत होते. फरक पडतो तो फक्त एचएस कोडमुळे. त्या कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. पुढचे आपल्याकडे आठपर्यंत जातात, अमेरिकेत दहापर्यंत. तुमच्या शिपिंग बिलावरचा आठ आकडी कोड घेऊन अमेरिकेतला दर शोधू नका. खरेदीदाराच्या तिकडच्या कस्टम्स ब्रोकरनं माल कोणत्या दहा आकडी कोडखाली सोडवला, ते लेखी मागवा. आपला सीएचए (कस्टम्स एजंट) हुशार असतो, पण तिकडचं वर्गीकरण त्याच्या हातात नसतं.

आणि तारीख. 27 ऑगस्टपासून लागू झालेल्या आदेशात एक सवलत होती: त्याआधी जहाजावर चढलेला आणि 17 सप्टेंबरच्या आत तिकडे सुटलेला माल वाढीव शुल्कातून वाचत होता. बहुतेक आदेशांत असं काहीतरी असतं. ते वर्तमानपत्रात छापून येत नाही. अमेरिकेच्या फेडरल रजिस्टरमध्ये येतं, आणि ते कुणालाही फुकट वाचता येतं. इंग्रजी कायदेशीर आहे, पण निर्यात करणाऱ्याला दहा मिनिटांत कामाचं वाक्य सापडतं.

शुल्क भरतं कोण

चीन हे पैसे भरणार, असं अमेरिकी जनतेला सांगितलं गेलं. आपल्याकडच्या अनेक चर्चांतही ते तसंच गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात पैसे भरतो आयात करणारा, म्हणजे अमेरिकेतली कंपनी. ती पुढं ते गिऱ्हाइकाच्या माथी मारते, पुरवठादाराकडून सवलत मागते, नाहीतर नफ्यातून सोसते. 2018-19 च्या शुल्कांवर अर्थतज्ज्ञांनी बरंच काम केलं आहे आणि त्यातलं बहुतेक एकच सांगतं: जवळजवळ सगळा भार अमेरिकेतल्या आयातदारांवर आणि ग्राहकांवर पडला.

यातलं वॉशिंग मशीनचं उदाहरण मला फार आवडतं. 2018 च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. किंमती साधारण 12 टक्क्यांनी वाढल्या, ते समजण्यासारखं आहे. पण कपडे वाळवणाऱ्या ड्रायरवर शुल्क नसताना तोही तितकाच महागला, कारण तिकडे दोन्ही जोडीनं विकले जातात. दुकानदारांनी वाढ दोघांत वाटून टाकली. देशी कंपन्यांनीही स्पर्धा कमी झाल्याचं बघून आपले भाव वाढवले. एरन फ्लाएन, अली होर्तासू आणि फेलिक्स टिंटेलनॉट यांनी मांडलेल्या हिशोबानुसार त्यातून सुमारे 1,800 नोकऱ्या निर्माण झाल्या आणि एकेका नोकरीसाठी ग्राहकांना वर्षाला 8 लाख डॉलरहून जास्त मोजावे लागले. आपल्या इथे एखाद्या मालावर शुल्क वाढवा अशी मागणी होते तेव्हा ड्रायर आठवावा.

निर्यातदारासाठी मुद्दा व्यवहाराचा आहे. तुमचा सौदा एफओबी असेल, म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतच तुमची जबाबदारी असेल, तर शुल्काचं ओझं कायद्यानं खरेदीदाराचं. डीडीपी असेल, म्हणजे शुल्कासकट माल दारात पोचवायचं कबूल केलं असेल, तर रातोरात वाढलेला प्रत्येक टक्का तुमच्या खिशातून जातो. ऑनलाइन विकणारे अनेक छोटे उद्योजक गिऱ्हाइकाला सोयीचं म्हणून डीडीपी मान्य करतात आणि मग अडकतात. नव्या करारात एक ओळ घालून घ्या: करारानंतर शुल्क बदललं तर तो फरक कोण सोसणार, किती टक्क्यांपर्यंत, आणि त्यापुढं ऑर्डर रद्द करायची मुभा कुणाला. ‘पंधरा टक्के डिस्काउंट द्या, नाहीतर व्हिएतनामकडून घेतो’ असा फोन येईल. द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण दिलं तर या खेपेपुरतंच असं लिहून द्या. शुल्क उतरल्यावर जुना भाव परत मागायला तुमच्याकडे कागद हवा. उधारीवर माल जात असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात पतविमा नवा खरेदीदार शोधण्याच्या आधी घ्यावा.

परवाना: खरं हत्यार

इथं थोडं सविस्तर बोलायला हवं.

या भांडणात हे हत्यार आधी अमेरिकेनं परजलं. मे 2019 मध्ये हुवावे या चिनी कंपनीला बंदीच्या यादीत घातलं, म्हणजे अमेरिकी तंत्रज्ञान असलेला माल तिला विकायचा तर परवाना हवा. 7 ऑक्टोबर 2022 ला प्रगत चिप आणि त्या बनवायच्या यंत्रांवर तसंच बंधन आलं. चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीला तिचं सगळ्यात प्रगत यंत्र चीनला विकायची परवानगी त्याच्याही आधीपासून मिळालेली नाही. 7 ऑक्टोबरच्या त्या दिवशी कुठल्याही मालावर एक टक्काही शुल्क वाढलं नव्हतं, तरी माझ्या मते या भांडणातला सगळ्यात मोठा दिवस तोच.

चीननं हे नीट पाहून ठेवलं होतं. त्याच्याकडे प्रगत चिप नव्हत्या, पण खाणी होत्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शुद्धीकरणाचे कारखाने होते. जगातलं रेअर अर्थचं सुमारे 90 टक्के शुद्धीकरण आणि तेवढेच मॅग्नेट चीनमध्ये होतात. ऑगस्ट 2023 पासून गॅलियम आणि जर्मेनियमला परवाना लागू लागला. डिसेंबर 2024 मध्ये ते अमेरिकेला विकायलाच बंदी झाली. आणि मग एप्रिल 2025 ची ती 18 क्रमांकाची अधिसूचना.

हा डाव नवा नाही. सप्टेंबर 2010 मध्ये सेंकाकू बेटांजवळ चिनी मच्छीमार नौका जपानी गस्ती बोटींना धडकली, जपाननं नौकेच्या कप्तानाला अटकेत ठेवलं, आणि जपानकडे जाणारं रेअर अर्थ बंदरातच अडकलं. जपान त्यातून शिकला. ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसे घातले, वापर कमी केला, जुन्या मालातून पुनर्प्राप्ती वाढवली. तरीही चीनवरचं अवलंबित्व सुमारे 90 टक्क्यांवरून 60 च्या आसपास यायला दहा वर्षांहून जास्त लागली. भारत सरकारनं नोव्हेंबर 2025 मध्ये मॅग्नेटसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण तिच्या भरवशावर पुढच्या वर्षीचं उत्पादन आखू नये.

परवान्याचं हत्यार उलटतंही. एनव्हिडियानं चीनसाठी मुद्दाम कमी ताकदीची एच20 चिप बनवली. एप्रिल 2025 मध्ये तिलाही परवाना हवा असं अमेरिकेनं ठरवलं आणि कंपनीनं साडेपाच अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला. जुलैत धोरण फिरलं. ऑगस्टमध्ये विक्रीतला 15 टक्के वाटा अमेरिकी सरकारला देण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. तोवर चीननंच आपल्या कंपन्यांना ती चिप घेऊ नका असं सुचवायला सुरुवात केली होती.

उद्योजकांनी मात्र एनव्हिडियापेक्षा नेक्सपेरियाकडे पाहावं. ही नेदरलँड्सची कंपनी, मालकी चिनी. गाडीचे दिवे, काचा, ब्रेक यांच्यात लागणाऱ्या साध्या, स्वस्त चिप ती बनवते. 30 सप्टेंबर 2025 ला डच सरकारनं तिचा ताबा घेतला. चारच दिवसांत चीननं तिच्या चीनमधल्या कारखान्यातून होणारी निर्यात रोखली आणि होंडाला मेक्सिकोतलं उत्पादन थांबवावं लागलं. अडलेला भाग महागडा असतो असं नाही. बहुतेक वेळा तो इतका किरकोळ असतो की खरेदी विभागात त्याचा कुणी विचारच केलेला नसतो.

म्हणून बाहेरून येणाऱ्या भागांची यादी किंमतीच्या क्रमानं लावू नका, अडण्याच्या क्रमानं लावा. प्रत्येक भागासमोर लिहा: तो कुठे बनतो, दुसरा कोण बनवतो, आपल्याकडे किती आठवड्यांचा साठा आहे, आणि चीनमधून निघताना त्याला परवाना लागतो का. ‘आमचा पुरवठादार चाकणचाच आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. त्याची मोटर कोणाची, आणि मोटरमधला मॅग्नेट कोणाचा, इथवर विचारत जायचं. चीनमध्ये अशा परवान्याच्या अर्जावर निर्णय घ्यायला 45 कामकाजाचे दिवस असतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी नऊ आठवडे, वर जहाजाचे दोन-तीन. तीन महिन्यांहून कमी साठा असेल तर तुम्ही पहिल्याच झटक्यात अडणार. अर्जासोबत हा माल कुठं वापरणार याचं हमीपत्र मागतात, त्यात संरक्षण क्षेत्रासाठी नाही वगैरे कबुल्या असतात. हमीपत्रावर सही करण्याआधी आपले गिऱ्हाईक कोण हे नीट बघा. एक काम संरक्षण खात्याचं आणि बाकीची खासगी अशी सरमिसळ असेल तर साठे आणि कागद वेगळे ठेवा.

कधीकधी परवानाही नसतो, अधिसूचनाही नसते. 2025 च्या मध्याला चीनमधून भारतात येणारी विद्राव्य खतं अडली. कागदावर बंदी नव्हती. निर्यातीआधीची तपासणीच होत नव्हती, म्हणून माल निघत नव्हता. ठिबकवर द्राक्ष आणि डाळिंब घेणाऱ्यांना 0:52:34 आणि 12:61:0 या खतांसाठी चढे भाव मोजावे लागले. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले तेव्हा खतं, रेअर अर्थ आणि बोगदे खोदायची यंत्रं या तिन्हींबाबत आश्वासन मिळालं. एकाच बैठकीत या तिन्हींचा विषय निघतो, यावरूनच अडवणूक कुठून होत होती ते कळतं. बागायतदारानं यातून घ्यायचं ते एवढंच की ऑक्टोबर छाटणीची विद्राव्य खतं छाटणीच्या तोंडावर विकत घेऊ नयेत. गटानं, शेतकरी उत्पादक कंपनीतून, उन्हाळ्यातच भाव बांधून घ्यावा.

‘करार झाला’ म्हणजे काय झालं

दोन नेते हात मिळवतात, बाजार उसळतो. अशा वेळी एक जुना करार आठवावा. 15 जानेवारी 2020 ला चीननं लिहून दिलं की 2017 च्या पातळीपेक्षा दोन वर्षांत 200 अब्ज डॉलरचा जादा अमेरिकी माल घेऊ. पीटरसन इन्स्टिट्यूटच्या हिशोबानं कबूल केलेल्या एकूण खरेदीपैकी 57 टक्केच झाली. जादा 200 अब्जांतलं काहीच आलं नाही. करोना होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं.

30 ऑक्टोबर 2025 ला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले. फेंटानिलचं शुल्क निम्मं होऊन 10 टक्के झालं, आणि चीननं पुढची तीन वर्षं दरवर्षी 2.5 कोटी टन सोयाबीन घ्यायचं मान्य केलं. मोठा विजय म्हणून ते सांगितलं गेलं. पण 2024 मध्ये, भांडणाची ही फेरी पेटण्याआधी, चीन साधारण तेवढंच घेत होता. मधल्या काळात, सप्टेंबर 2025 मध्ये, त्यानं अमेरिकेकडून एक दाणाही आयात केला नव्हता. 2018 च्या फेरीत अमेरिकी सरकारनं आपल्या शेतकऱ्यांसाठी 28 अब्ज डॉलरची मदत जाहीर केली होती. ब्राझीलनं तेव्हा जी बाजारपेठ घेतली ती परत सोडलेली नाही.

लातूर-वाशीमच्या सोयाबीन उत्पादकाला दरवेळी विचारावंसं वाटतं की या करारानं आमचा भाव वाढेल का. शिकागोच्या वायदे बाजारातला भाव हलला की पेंड आणि तेलाच्या वाटेनं थोडा धक्का इथेही येतो. पण आपल्या भावाची दोरी जास्त करून दिल्लीत आहे. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्के झालं होतं, 30 मे 2025 ला ते 10 वर आणलं. बुसानपेक्षा त्या निर्णयानं तुमच्या पोत्याचा भाव जास्त ठरला. बुसानच्या बातमीवर माल साठवून ठेवू नका. हमीभाव (2025-26 साठी 5,328 रुपये) आणि केंद्राच्या अधिसूचना यांवर नजर ठेवा.

कापसाचं तर याहून सरळ झालं. अमेरिकेच्या 50 टक्क्यांनी कापड आणि तयार कपड्यांचे निर्यातदार अडचणीत आले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्रानं 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे विदर्भाचा कापूस बाजारात येतो नेमके तेच महिने. वॉशिंग्टनमधल्या सहीचा परिणाम दिल्लीमार्गे यवतमाळच्या जिनिंगवर झाला तो असा. गिरण्यांची अडचण खोटी नव्हती, पण तिची किंमत शेतकऱ्यानं मोजायची हे कुणी ठरवलं? अशा वर्षी सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी हाच आधार असतो, आणि 2025-26 च्या हंगामात तिच्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागत होती. लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता. नोंदणी राहिलेल्याला तो मिळाला नाही, व्यापाऱ्याचा भाव मिळाला. आयात शुल्क माफ झाल्याची बातमी आली की त्याच दिवशी नोंदणी उरकावी.

माल वळसा घालतो

2023 मध्ये अमेरिकेला माल विकणाऱ्या देशांत मेक्सिको चीनच्या पुढं गेला. व्हिएतनामबरोबरची अमेरिकेची तूट 2024 मध्ये 120 अब्ज डॉलरच्या वर गेली. त्याच वेळी चीनची जगाबरोबरची शिल्लक वाढतच राहिली. 2025 च्या पहिल्या अकरा महिन्यांतच तिनं एक लाख कोटी डॉलरचा आकडा ओलांडला. माल थांबला नाही, त्यानं रस्ता बदलला.

इथं भारतीय कारखानदाराला मोह होतो. चिनी माल आणायचा, थोडं जोडकाम करायचं, डब्यावर ‘मेड इन इंडिया’ छापायचं आणि अमेरिकेला पाठवायचं. करू नका. 31 जुलै 2025 च्या अमेरिकी आदेशात अशा वळसा घातलेल्या मालाला 40 टक्के आणि वर दंड होता. उत्पत्ती प्रमाणपत्र चेंबरकडून मिळणं आणि तिकडच्या चौकशीत ते टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्या टप्प्यावर किती मूल्यवर्धन झालं याची बिलं, जॉबवर्कची चलनं, विजेचा वापर यांचे कागद किमान पाच वर्षं जपावेत.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत न खपलेला चिनी माल इकडे येतो. एप्रिल 2025 मध्ये भारतानं काही पोलादी मालावर 200 दिवसांसाठी 12 टक्के संरक्षक शुल्क लावलं. मोठ्या पोलाद कंपन्या खूश झाल्या, पत्रा विकत घेणारा एमआयडीसीतला फॅब्रिकेटर नाही. ड्रायरची गोष्ट ती हीच. तुमच्या उत्पादनावरच चिनी भावाचा घाला पडत असेल तर केंद्राच्या डीजीटीआर या व्यापार संरक्षण यंत्रणेकडे डम्पिंगविरोधी अर्ज करता येतो. पण अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के असावं लागतं. एकट्या कारखान्याचं हे काम नव्हे, संघटनेचं आहे.

घरात बसून वाचणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या मुलांना फराळ पाठवणाऱ्यांना हे युद्ध टपाल खात्याच्या खिडकीवर भेटलं. 800 डॉलरपर्यंतची पार्सलं शुल्काविना सोडण्याची सवलत चीन-हाँगकाँगसाठी 2 मे 2025 ला आणि सगळ्या जगासाठी 29 ऑगस्टला बंद झाली. मूळ निशाणा स्वस्त चिनी ऑनलाइन मालावर होता, फटका चकलीलाही बसला. शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं हे ठरेना, म्हणून भारतीय टपाल खात्यानं अमेरिकेची पार्सल सेवा ऑगस्टच्या शेवटी थांबवली. ती ऑक्टोबरच्या मध्याला, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली. त्यामुळे यापुढं फराळ पाठवण्याआधी शुल्क पाठवणाऱ्यानं भरायचं की घेणाऱ्यानं, एवढं विचारून घ्या.

गुंतवणुकीबद्दल एकच आठवण. 7 एप्रिल 2025 ला सेन्सेक्स 2,226 अंकांनी पडला. दोन दिवसांनी ट्रम्प यांनी चीन सोडून बाकीच्या देशांना 90 दिवसांची सूट दिली आणि अमेरिकी बाजार एका दिवसात साडेनऊ टक्के वर गेला. दुसऱ्या दिवशी महावीर जयंती, आपला बाजार बंद. सात तारखेला घाबरून विकलेल्याला परत शिरायची संधी वरच्या भावातच मिळाली. या बातम्यांवर एसआयपी थांबवू नये, आणि ‘चीनला पर्याय भारत’ या घोषणेवर शेअरही घेऊ नयेत.

आणि बहिष्काराच्या फॉरवर्डबद्दल: 2024-25 मध्ये आपण चीनकडून सुमारे 113 अब्ज डॉलरचा माल घेतला. त्यात खेळणी-तोरणं थोडी. जास्त करून यंत्रं, इलेक्ट्रॉनिक भाग, औषधांचा कच्चा माल. आकाशकंदील देशी घ्या, आनंदानं घ्या. पण रक्तदाबाच्या गोळीतला घटक कुठला हे बघायला गेलात तर बहिष्कार कुठून सुरू करायचा हे कळणार नाही.

शेवटी दिनदर्शिकेत दोन तारखा लिहून ठेवा. बुसाननंतर चीननं ऑक्टोबर 2025 चे नवे, जास्त कडक निर्बंध (61 आणि 62 क्रमांकाच्या अधिसूचना त्यातल्याच) 10 नोव्हेंबर 2026 पर्यंत स्थगित केले, आणि गॅलियम-जर्मेनियमची अमेरिकाबंदी 27 नोव्हेंबर 2026 पर्यंत. हे दोन्ही निर्बंध स्थगित झाले, रद्दबातल नाही. बुसानच्या त्या तडजोडीत एप्रिल 2025 ची 18 क्रमांकाची अधिसूचना स्थगितही झाली नाही. साठ्याचा हिशोब दिवाळी 2026 धरून करायचा असेल तर मॅग्नेटची ऑर्डर पावसाळ्याच्या आत जायला हवी.